डोहातली तिसरी होडी

फकीर मोहम्मद यांच्याविषयी लिहायला बसलो खरा, पण पहिल्याच ओळीला कबूल करतो की मला त्यांच्याविषयी फार थोडं ठाऊक आहे. त्यांचा जन्म कुठला, वडील कधी गेले, मुलंबाळं होऊन गेली की झालीच नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. आम्ही एका गावात चार वर्षं राहिलो, आठवड्यातून दोनदा तरी रस्त्यात भेट व्हायची, आणि तरी त्यांच्या घरात मी एकूण पाच वेळा गेलो असेन. माझ्यापेक्षा त्यांना जास्त ओळखणारी माणसं गावात पुष्कळ होती. ती आता राहिली नाहीत. मला लिहिण्याची सवय नाही, पण एक प्रसंग मी जवळून पाहिला आणि तो मला नीट आठवतो. तेवढा सांगतो.

सन अठ्ठावीस. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मेहकर तालुक्यात पैनगंगेच्या काठच्या एका लहान गावात मी असिस्टंट मास्तर होतो. मीठमिरची आणायची तर डोणगावचा बाजार. गावाखाली नदीला मोठं वळण होतं आणि वळणात डोह होता. चैत्र-वैशाखातही त्याचं पाणी आटत नसे. उकंडा भोई तिथे जाळं टाकी, आणि पावसाळ्यात आपल्या डोंग्यातून माणसं पलीकडे नेई. एका लाकडाचा कोरलेला तो लांबट डोंगा सोडला तर आमच्या गावाने दुसरी कुठली होडी पाहिलेली नव्हती.

फकीर मोहम्मद मोहरमचे ताबूत करत, म्हणजे करबलाच्या दर्ग्याची बांबू-कागदाची प्रतिकृती. एरवी वर्षभर लग्नातली कागदी झुंबरं, पोरांचे पतंग, भटजींच्या फाटलेल्या पोथ्यांची बांधणी अशी कामं चालत. वय साठीच्या पुढे. अंग काटकुळं, दाढी पांढरी, आणि कमरेला कायम एक कातर खोचलेली. शर्टाला खळीचा वास. माणूस फार बोलका नव्हता, पण बोलला की त्यात ‘बहुतेक’, ‘जमलं तर’ असे शब्द नसत. मला त्याचं मोठं नवल वाटे, कारण माझं सगळं बोलणं त्याच शब्दांवर चालायचं.

मुसलमानांची घरं गावात दहा-बाराच होती, पण ताबूत अख्ख्या गावाचा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, कागदावर कातरलेली जाळी, जाळीवर बेगड. नवस करणाऱ्यांत आमचा शाळेचा शिपाई मोतीराम पहिला. दहाव्या दिवशी मिरवणूक डोहावर जायची आणि ताबूत थंडा व्हायचा. सांगाडा परत आणत, कागद पाण्यात जाई. माझ्या पहिल्या वर्षी ती एवढी नाजूक जाळी पाण्यात विरघळताना पाहून मला राहवलं नाही.

“चाचा, महिनाभराचं काम. वाईट नाही वाटत?”

“काऊन वाटंल? थंडा करासाठीच तं केला,” ते म्हणाले. “ठेवला असता तं उंदरानं खाल्ला असता. तुमी पाहा ना मास्तर, रंग कसा जाते तो. आंधी लाल जाते, मंग हिरवा. निळा लय वेळ राहते.”

आणि खरोखरच निळा शेवटपर्यंत पाण्यावर राहिला होता.

आता चित्राचं सांगतो. दोन हिवाळे आमच्या नदीवर एका पुलाची मोजणी चालली होती. पूल काही झाला नाही, पण मोजणीच्या साहेबाने जाताना शाळेला एक चित्र दिलं. कागदावर पाण्याच्या रंगांनी काढलेलं, हातभर रुंद. साहेबाच्या काकाने तरुणपणी काढलेलं, कोपऱ्यात पेन्सिलीने १८६७ लिहिलेलं. विलायतेतली कुठलीशी खाडी, पाणी अगदी शांत, आणि त्यात मासे धरणाऱ्यांच्या तीन होड्या. शिडं खाली लोंबलेली, वारा नसल्यासारखी. प्रत्येक होडीखाली पाण्यात पडलेली तिची उलटी सावली. चित्र बैलगाडीतून शाळेत येताना काच फुटली. हेडमास्तर रामराव यांनी मेहकरला माप पाठवलं, काच आली नाही, आणि चित्र उघडंच भिंतीवर लागलं. एका बाजूला काचेतले बादशहा, दुसऱ्या बाजूला रोगण चढवलेली बाजारातली सरस्वती, मधे होड्या.

दिवाळीच्या आधी घरोघर सारवण-पोतेरं चालतं तसं शाळेतही चालायचं. मी मोतीरामाला म्हणालो, “तसबिरी ओल्या फडक्याने पुसून घे.” दरवर्षी म्हणायचे ते शब्द. त्याने बादशहा पुसले, सरस्वती पुसली आणि मग मधल्या चित्राला फडकं लावलं. आमच्याकडे तसबीर म्हणजे काचेची नाहीतर रोगणाची. पाण्याने पुसली की पाण्यातच जाणारी तसबीर असते हे त्याला कोण सांगणार? मलाही सुचलं नव्हतं.

तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. फडक्यावर तपकिरी डाग होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “सायबाची होडी फडक्यात आली.”

डावीकडची लहान होडी गेली होती. तिथे राखाडी फराटा होता. दुसऱ्या दोन शाबूत होत्या, कारण डाग पाहताच त्याचा हात थांबला होता.

त्याच आठवड्यात साहेबाचं कार्ड आलं. पौषात कायमचं विलायतेला जाण्यापूर्वी ते एकदा नदीवर येणार होते आणि शाळेलाही भेट देणार होते. रामरावांनी कार्ड दोनदा वाचलं, मग चित्राकडे पाहिलं.

“मी रिपोर्ट करतो,” ते म्हणाले. “शिपायाने नासधूस केली. साहेबांनी विचारण्याआधी आपण काढून टाकलेला बरा.”

मोतीराम अकरा वर्षं शाळेत होता. घरात आंधळी आई आणि चार लेकरं, शेत नाही. ‘पुसायला मी सांगितलं होतं’ एवढं वाक्य मी बोललो नाही. माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती. एवढंच कारण.

संध्याकाळी मोतीरामाने चित्र धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि फकीर मोहम्मदांचं घर गाठलं. मी मागोमाग गेलो. चाचा ओसरीवर पोथीला पुठ्ठा लावत होते. त्यांची बायको अमीनाचाची चुलीपुढे होती.

“चाचा, माह्या पोटावर पाय येऊन राह्यला,” मोतीराम म्हणाला. “एवढी एक होडी काढून दे.”

चाचांनी चित्र मांडीवर घेतलं. नाकाजवळ नेलं, तिरपं धरलं, फराट्यावरून कोरडं बोट फिरवलं.

“इथी काय होतं?”

“होडी.”

“होडी तं तू सांगतलीच. कशी? माणसं किती होते?”

“दोन,” मोतीराम म्हणाला.

“एकही नव्हता,” मी म्हणालो.

“शीड कोन्या अंगाले?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सात-आठ महिने ते चित्र आमच्या डोळ्यांसमोर होतं, आणि शीड कोणत्या बाजूला होतं ते दोघांपैकी एकालाही सांगता येईना. अमीनाचाची चुलीपासून हसल्या.

“मास्तर पोट्टेयले शिकोते काय अन् सोताले दिसत नाई काय!”

“हसू नको वं,” चाचा म्हणाले. “मोतीराम, शिडाची होडी काही मी करणार नाई. म्या शीड पाह्यलं नाई. जे पाह्यलं नाई ते मी कातरत नाई.”

“करबला कुठी पाह्यली तुमी?” चाची म्हणाल्या. “दरसाल तं ताबूत बांधता.”

“ते मले बापानं शिकोलं, बापाले त्याच्या बापानं. होडी कोनं शिकोली?”

मोतीराम खाली बसला. त्याचा चेहरा पाहून चाचांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

“डोंगा पाह्यला,” ते म्हणाले. “उकंडाचा डोंगा मी जन्मापासून पाहून राह्यलो. डोंगा करतो.”

“विलायतेच्या पाण्यात आपला डोंगा?” मी विचारलं.

“पानी थंड आहे ना, हालत तं नाई ना, मास्तर? मंग चालते.”

दुसऱ्या दिवशी ही बातमी रामरावांच्या कानावर गेली. ते स्वतः ओसरीवर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “फकीर मोहम्मद, हे पतंगाचं काम नव्हे. साहेबाच्या काकाच्या हातची चीज आहे. तुम्हाला जमणार नाही.”

“काकाले जमलं ना?” चाचा म्हणाले. “त्याले दोनच हात होते का जास्त?”

रामराव निघून गेले. पण रिपोर्ट त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला, पाठवला नाही. साहेब येईपर्यंत थांबू, असं मला म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस चाचा रोज सकाळी ऊन चढण्याआधी डोहावर जाऊन बसत. एका रविवारी मीही गेलो. उकंडाने डोंगा काठापासून दहा हात आत खुंट्याला बांधून ठेवला होता, आणि तो वैतागला होता.

“चाचा, जाळं टाकू दे ना बाप्पा. तुमच्या पाह्यण्यानं माह्ये मासे पयाले.”

“पयू दे. हालू नको.”

वारा अजिबात नव्हता. चाचांनी कमरेची कातर काढली, पतंगाचा कागद मधोमध दुमडला आणि घडीच्या कडेने अर्धा डोंगा कातरला. घडी उघडली तर वर एक डोंगा, खाली उलटा दुसरा, दोन्ही तंतोतंत. ताबुताची जाळी ते अशीच कातरत. मी चकित झालो. पेन्सिल नाही, पट्टी नाही, आणि सावलीसुद्धा आपोआप निघाली होती.

“झालं की चाचा!”

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग कागद चुरगळून फेकला.

“नाई झालं. पाहा तुमी.”

“सारखाच तर दिसतो.”

“नीट पाहा ना. आपून वर बसलो. आपल्याले डोंग्यातली बसाची पाटी दिसते, उकंडा दिसते. पान्यातल्या डोंग्यात पाटी दिसते काय?”

मी पाहिलं. दिसत नव्हती. पाण्यातल्या डोंग्याचं फक्त काळं, गोल पोट दिसत होतं. चाळीस मुलांना भूगोल शिकवणारा मी, सावली म्हणजे उलटं चित्र एवढंच धरून चाललो होतो.

“आपल्याले पाटी दिसते, पान्याले पोट दिसते,” ते म्हणाले. “ते बहिनी आहेत, मास्तर. एक नाई.”

त्या दिवसापासून त्यांनी घडीची कातर सोडली. वरचा डोंगा वेगळा कातरायचे, खालचा वेगळा, आणि दोन्ही पाण्याच्या रेघेवर जुळवून पाहायचे. असे किती कागद झाले कोण जाणे. चाची म्हणाल्या की चूल आठ दिवस डोंग्यांवर पेटली.

रंग त्यांचे घरचेच. कात उकळून तपकिरी, हिरडा आणि हिराकस मिळवून काळा, निळा निळीचा. आधी त्यांनी शाळेचा टीपकागद मागून घेतला. ओल्या कापसाने तो फराटा थोडा थोडा उचलायचा, लगेच टीपकागद दाबायचा, वाळू द्यायचा, पुन्हा उचलायचा. हे चार दिवस चाललं. शेवटी तिथे कोरा, किंचित निळसर कागद राहिला. “निळा राह्यला पाहा,” ते मला म्हणाले. “मी सांगतलं होतं.” मग डोंगा कातरून मधोमध भोक राहिलेला कागद त्यावर ठेवून, खारीच्या शेपटीच्या कुंचल्याने त्यांनी डोंगा भरला. आत एक माणूस, गुडघे जवळ घेऊन बसलेला. तो उकंडाच होता. वैतागलेलासुद्धा.

चित्र पुन्हा भिंतीवर लागलं. दोन शिडांच्या होड्या आणि एक वऱ्हाडी डोंगा. लांबून पाहिलं तर काही खटकत नव्हतं. जवळून पाहिलं तर लपण्यासारखंही काही नव्हतं. रामरावांनी कपाळावर हात मारला.

पौषात साहेब आले. पडवीत अर्धं गाव जमलं होतं. चाचा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मोतीराम पाण्याचा तांब्या घेऊन कोपऱ्यात होता.

साहेब सरळ चित्रापाशी गेले. वाकून एकेक होडी पाहिली. मग हिंदुस्थानीत म्हणाले, “ये तीसरी बोट हमारे अंकल का नहीं है.”

रामरावांनी घसा साफ केला. “साहेब, शिपाई...”

“किसका बोट है ये?”

“उकंडा भोई का, साब,” चौकटीतून आवाज आला. “डोह में बंधा है. जाके देख लो.”

सगळे मागे वळले. साहेबही वळले.

“तुम बनाया?”

“हाँ साब.”

“क्यों? पहला कहाँ गया?”

इथे मोतीरामाने तांब्या खाली ठेवला. तो पुढे येणार हे मला दिसलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं का, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. मला तसं वाटलं. त्यांनी ज्या सरळपणे उत्तर दिलं त्यापुढे मला माझी लाज वाटली एवढं खरं.

“पहिली होडी पाण्याने पुसली गेली, साहेब,” मी म्हणालो. “पुसायला मी सांगितलं होतं. शिपायाने माझा हुकूम पाळला.”

रामराव माझ्याकडे पाहत राहिले. साहेबांनी माझ्याकडे फारसं पाहिलंच नाही. ते पुन्हा चित्रावर वाकले होते आणि डोंग्याच्या सावलीवर बोट धरून होते.

“ये नीचे का, ऊपर का जैसा नहीं है. गलती है?”

“गलती नहीं, साब,” चाचा म्हणाले. “ऊपर से हम देखते. नीचे से पानी देखता. पानी को पेट दिखता.”

साहेबांनी काकाच्या दोन होड्यांच्या सावल्या पाहिल्या. त्या घडीच्या कातरीसारख्या होत्या, वर तशाच खाली. मी तोवर लक्ष दिलं नव्हतं. साहेब हसले नाहीत, शाबासकी दिली नाही. टोपी घातली आणि डोहावर गेले. आम्ही मागे. काठावर उभं राहून त्यांनी डोंगा पाहिला, नंतर खाली बसून पाहिला. उकंडा आत बसलेला होताच, आणि एवढी माणसं पाहून तो म्हणाला, “आता काय अख्खा गाव मासे पयवाले आला काय बे?”

शाळेत परत आल्यावर साहेबांनी रामरावांना दोन गोष्टी सांगितल्या. शिपायाला काही करू नका, आणि काच लावा. मग खिशातून पेन्सिल काढून चाचांपुढे धरली. कोपऱ्यात काकाचं साल होतं, तिथे तुमचं नाव घाला, म्हणाले.

“ताबूतपर कोई नाम डालता क्या, साब?” चाचा म्हणाले, आणि पेन्सिल घेतली नाही.

रिपोर्ट खणातून चुलीत गेला. मोतीराम पुढे पुष्कळ वर्षं शिपाई होता. मला रामरावांनी नंतर फक्त एवढंच विचारलं, “मग आधी का नाही बोललात?” माझी नेमणूक, जी जाईल असं मी धरून चाललो होतो, चैत्रात कायम झाली.

चाचांनी त्यानंतर डोंग्याचा विषय काढला नाही. ताबूत नेहमीप्रमाणे होत राहिले आणि नेहमीप्रमाणे डोहात जात राहिले. मात्र पोथीची बांधणी विचारायला म्हणून ते शाळेत अधूनमधून येऊ लागले, आणि शाळेत पोथी नव्हती. ते चित्रापुढे उभे राहत, कागदावर हलकी फुंकर मारत आणि जात. एकदा त्यांनी मोतीरामाला विचारलेलं मी ऐकलं, “उंदीर-गिंदीर तं नाई ना इथी?”

काच मात्र येत नव्हती. पुढे माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सोनाळ्याला झाली, तेव्हा निघण्याआधी मी ओळखीच्या माणसाकरवी अकोल्याला काच सांगितली. ती आली आणि चाचांनी स्वतः बसवली, हे मला मोतीरामाच्या पत्रातून कळलं. त्यानंतरचा पावसाळा संपताना ते गेले, हेही त्याच्याच दुसऱ्या पत्रातून.

गाव सोडलं त्या सकाळी माझी बैलगाडी चाचांच्या ओसरीवरून जात होती. चाचा खळ ढवळत होते. मी गाडी थांबवली.

“चाचा, काच सांगितली आहे अकोल्याला. आठ-पंधरा दिवसांत येईल. तुम्हीच बसवा.”

“माप काय सांगतलं?”

“चौकटीचंच. बरोबर मोजून.”

“बरोबर नोको, मास्तर. एक सूत कमी सांगजा. पावसायात लाकूड फुगते, काच तडकते.”

“कळवतो. एक सूत कमी.”

“हाव,” ते म्हणाले. “अन् आता निंघा. ऊन चढून राह्यलं.”